पाहुण्यांच्या हस्ते उघडणारी पेटी

मी एक जुनी दानपेटी आहे. जन्माने मात्र मी गोडेतेलाचा डबा. सिल्वासातल्या पत्रेवाल्याने मला वर चीर पाडली, कडी बसवली आणि मी एकदम समाजसेवेत आले. मित्रांनो, डबा होते तेव्हा निदान कोणाची तरी भजी तळली जात होती.

सिल्वासाजवळच्या अथाल गावात एका कारखान्याच्या फाटकाबाहेर नवनाथची चहाची टपरी आहे. तो धुळ्याकडचा. गरीब मुलींच्या शिक्षणासाठी पैसे गोळा करणाऱ्या एका मंडळाच्या अरविंद सरांनी मला त्याच्या टपरीवर ठेवलं. माझ्या पोटावर सुरंगी गावातल्या चंदाचा फोटो चिकटवला. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि खाली ठळक अक्षरं, ‘हिची शाळा थांबू देऊ नका.’ त्यात खोटं काही नव्हतं. चंदा दहावी पास झाली होती. अकरावीसाठी सिल्वासात राहायचं तर वसतिगृहाच्या जेवणाचे पैसे आधी भरायचे होते, तरच जागा मिळणार होती.

कामगारांनी दिले हो. पाळी सुटली की चहाचे उरलेले सुटे माझ्यात पडायचे. मोबाईलवर पैसे देणारेही मुद्दाम खिसे चाचपायचे. आधी मी खणखण वाजायचे. पुढे आवाज बंद झाला, कारण मी गळ्यापर्यंत भरले होते. मला फार अभिमान वाटायचा.

जूनमध्ये चंदा आणि तिची आई केसरबाई आल्या. अरविंद सर तिथेच चहा पीत होते.

“सर, शनिवारपर्यंत पैसे भरायला सांगितलंय,” चंदा म्हणाली.

“हो गं बाळा. पण पेटी पाहुण्यांच्या हस्ते उघडायचं ठरलंय. साहेबांची तारीख मिळाली की लगेच.”

केसरबाईने माझ्यावर हात ठेवला. “भरलेली तर हाय ना, सर?”

“भरलीय. पण अशी टपरीवर उघडली तर लोक काय म्हणतील?”

“सर, हातोडी देऊ का?” नवनाथ म्हणाला. “दोन मिनिटांचं काम आहे.”

सर नुसते हसले. चावी त्यांच्याच खिशात होती.

शनिवार गेला. जागाही गेली. चंदा त्याच कारखान्यात पॅकिंगला लागली.

साहेबांची तारीख मिळाली ती दिवाळीनंतर. मांडव पडला, शाल-श्रीफळ आलं. फोटोतली मुलगी स्टेजवर हवी म्हणून चंदाला निरोप गेला, पण तिला सुट्टी मिळाली नाही. मग सरांनी नवनाथच्या मुलीला, गुड्डीला, लाल रिबिनी बांधून उभं केलं. लांबून कोणाला कळतंय, म्हणाले. साहेबांनी कुलूप उघडलं, टाळ्या पडल्या आणि पैसे ‘पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी’ बँकेत गेले. मी पुन्हा टपरीवर आले. फोटो तोच ठेवला, चेहरा चांगला आहे म्हणून.

चंदा रोज पाळी सुटल्यावर इथेच चहा पिते. परवा तिच्यासोबतची नवी मुलगी फोटोकडे बघून म्हणाली, “ही तुझ्यासारखी दिसते गं.”

“आमच्या गावची आहे,” चंदा म्हणाली. “शाळेत जाते.”

त्या मुलीला बरं वाटलं. तिने हातातले सुटे माझ्यात टाकले. मी रिकामीच होते, खणखण वाजले. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. पैसे टाकायचे तर जरूर टाका, पण आधी विचारा, चावी कोणाकडे आहे आणि कुलूप कधी उघडणार? कोणी तारखेच्या गोष्टी सांगू लागलं, तर नवनाथकडे हातोडी अजून आहे. मी पत्र्याची आहे, मला काही दुखणार नाही.