टाचेजवळची फट

बाबांचं मनगट पार कामातून गेलं, चामडं कापायची रापी हातात धरवेना, तेव्हा त्यांनी बुटांचं दुकान बंद करायचं जाहीर केलं. मी भडकले. "शिवता तर येतंय ना? कापायचं यंत्रावर सोपवू," म्हटलं. पलीकडच्या कारखान्यातलं यंत्र पीडीएफमधला आकार वाचून चामडं कापतं. आकार मात्र बंद हवा, कुठे फट राहिली की ते अडून बसतं. कोड लिहिणं तर माझं रोजचंच काम.

"एक जोड करून दाखव. नाही जमलं तर कुलूप," बाबा म्हणाले.

जोड आईचा ठरला. तिचं डावं पाऊल उजव्यापेक्षा लहान, बाजारातला बूट तिला कधी झालाच नाही. बाबांनी तिचे पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. मी त्या रेघेवरचे बिंदू कोडमध्ये घातले, शेवटी 'आकार बंद कर' अशी आज्ञा दिली आणि बोटांकडची वळणं बघत स्वतःवरच खूश झाले.

कापून आलेले तळ बाबांनी नुसते हातात फिरवले. दोन्ही टाचा सपाट, सुरीने छाटल्यासारख्या. मला रडूच आलं.

कागद पुन्हा काढला. टाचेजवळ रेघ दोन बोटं तुटलेली होती.

"ही फट कसली, बाबा?"

"तिथे पाय धरतो मी. पेन्सिल कुठून जाणार? कापताना हात वळवायचा तिथे."

"मग सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कधी?"

चाळीस वर्षं ती फट त्यांचा हात भरून काढत होता. माझ्या कोडने मात्र शेवटच्या बिंदूपासून पहिल्या बिंदूपर्यंत सरळ रेघ मारून हात झटकले होते.

"दाखवा, कसा वळवता," मी म्हटलं. त्यांनी कागदावर तीनदा अंगठा फिरवला. मनगट थरथरत होतं, तरी तिन्ही वेळा वळण तेच. तिथे मी बिंदू मांडले, आधी ते वळण काढलं आणि मगच आकार बंद केला.

आठ दिवसांनी आई नवे बूट घालून दारापर्यंत जाऊन आली. "टाच बसली. आता तुमची भांडणं पुरे," म्हणाली आणि ते बूट न काढताच कामाला लागली.

बाबांनी कोरा कागद आणून माझ्या पायापुढे सरकवला.

"ठेव पाय. तुलाही एक जोड करू. रेघ कुठून सुरू करू, सांग."

त्यांनी मला कामातलं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी कागदावर पाय ठेवला.

"नेहमीसारखीच करा," मी म्हटलं. "फट राहू दे. ती मी भरीन."