गारठलेल्या रसाचा सूड

मी एक जुना हीटर आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या एका सहकारी साखर कारखान्यात बीटचा रस तापवणं हे माझं काम. मित्रांनो, मी रागाने बोलणार आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर साखरेकडे जा.

बॉयलरची वाफ थेट माझ्या पोटात येई आणि नळ्यांतून रस वाहत जाई. रस गार आला की मला सांभाळणारी कामगार लॉर्ना माझी वाफ वाढवी, गरम आला की कमी करी. "तू आहेस म्हणून मला झोप लागते रे बाबा," असं ती म्हणायची. मी फुगून जायचो.

पुढे लॉर्ना व्यवस्थापक झाली. रस आटवताना निघणारी वाफ वाया जात होती. त्याच वाफेवर नवा रस तापवला तर इंधन वाचणार होतं, आणि माझी गरज उरणार नव्हती. विचार वाईट नव्हता. पण त्यात रस गरम असेल तरच वाफ निघणार, आणि वाफ निघाली तरच रस गरम होणार.

लॉर्नाचा भाऊ डेल बीट पिकवायचा. तो म्हणाला, "अगं, याला जोडीला राहू दे की. रस गारठला तर काय करशील?"

"दोन्ही ठेवले तर वाचलं काय, कपाळ? भंगारावरची माया पुरे झाली, डेल."

भंगार! मला गोदामामागे टाकलं, नळ्यांची तोंडंसुद्धा झाकली नाहीत. पाणी आत शिरलं, गोठलं आणि माझ्या कितीतरी नळ्या फुटल्या. तेव्हाच मी सूड घ्यायचं मनाशी ठरवलं.

जानेवारीत दगडासारखं गोठलेलं बीट आत आलं. रस गारठला, वाफ घटली, रस आणखी गारठला. कारखाना बंद पडला आणि पुन्हा चालू होईना, कारण पहिली ऊब द्यायला कुणीच नव्हतं. त्यातच ऊन पडायला लागलं. बाहेर बीटचे डोंगर उभे होते. बर्फ वितळला की ते सडणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

लॉर्ना क्रेन घेऊन धावत आली. "ऊठ रे बाबा, एवढी वेळ सांभाळून घे." आता बाबा! चाचणीसाठी माझ्यात पाणी भरलं, तेव्हा फुटक्या नळ्यांतून गार पिचकारी थेट तिच्या तोंडावर गेली. फार बरं वाटलं मला.

"मुद्दाम केलंन याने," ती कुडकुडत म्हणाली.

"त्याने नाही. तू केलंस," डेल म्हणाला आणि फुटक्या नळ्यांना बुचं मारायला बसला.

मी निम्म्या जोरावर चाललो. कारखाना रखडत सुरू झाला, तोवर अर्ध्या बीटचा चिखल झाला होता. कारखाना शेतकऱ्यांचा, म्हणून नुकसानही त्यांचंच. डेल त्या चिखलाकडे बघत कितीतरी वेळ उभा राहिला. मला लॉर्नाला रडवायचं होतं, रडला तो.

लॉर्ना अजून त्याच खुर्चीत आहे. मला नवा रंग देऊन तिने कायमचं जागेवर बसवलं. पाहुण्यांना सांगते, "हा आमचा आधार." माझा राग मात्र तसूभरही कमी झालेला नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या. प्रेमाने जमत नसेल, तर भीतीने घ्या.