मधल्या मापाची बाई

कारखान्यात तिला सगळे ‘मिडियम’ म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच राहत असे. खिडकीपासून तिसरं मशीन तिचं. पण हे नाव मशीनमुळे पडलं नव्हतं, अंगामुळे पडलं होतं.

कारखाना गणवेश शिवायचा. हॉटेलातल्या वेटरांचे, शाळेतल्या सेविकांचे, दवाखान्यातल्या नर्सेसचे. नवं काम आलं की मास्तर आधी जाड पुठ्ठ्यावर कपड्याचा एकेक भाग आखून कापायचे. त्या पुठ्ठ्याला फर्मा म्हणत. फर्म्यावरून मधल्या मापाचा एकच नग शिवला जाई आणि तो तिच्या अंगावर चढवला जाई. तिला बसला तर फर्मा बरोबर; मग त्यावरून लहानमोठी सगळी मापं निघत. छाती छत्तीस, कंबर तीस. नऊ वर्षांपूर्वी एकदा तिच्या अंगाला टेप लावली होती, त्यानंतर कुणाला तशी गरजच वाटली नव्हती. ‘‘टेप जुनी झाली की ताणली जाते,’’ मास्तर म्हणत, ‘‘ही ताणली जात नाही.’’

ती लाकडी ठोकळ्यावर उभी राही. काजं-बटणं करणारी मावशी तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरे, आणि मास्तर चार पावलांवरून, चष्मा कपाळावर चढवून, बघत. त्यांची सूचना ठरलेली असे. ‘‘हात सैल. श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, खोटं माप निघतं.’’

ही सूचना तिला कधी लागलीच नव्हती. तिच्या अंगाला देखणं कुणी म्हटलं नव्हतं, तिच्या आईनेही नाही. पण अचूक म्हटलं होतं, आणि तिला तेवढं पुरत होतं.

आता तिला दहावा आठवडा लागला होता. नवरा आणि डॉक्टरीणबाई सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला कळूही द्यायचं नव्हतं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी सातव्याच आठवड्यात तिने आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मावशीने तर त्याच दिवशी काजं-बटणं बाजूला ठेवून टोपडं विणायला घेतलं. अकराव्या आठवड्यात सगळं संपलं. आठ दिवसांनी ती कामावर आली, तेव्हा तिला दारात पाहून ओळीतली मशीनं एकेक करून थांबली. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. वैर म्हणून नव्हे, काय बोलावं कुणालाच सुचेना म्हणून. मावशीने टोपड्याचं काय केलं, हे तिने विचारलं नाही आणि मावशीने सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात वेटरांच्या जाकिटाचा नग तयार झाला. ती ठोकळ्यावर उभी राहिली. जाकीट चपखल बसलं. मास्तर समाधानाने म्हणाले, ‘‘छान! आलीस परत जागेवर.’’

मास्तर जाकिटाकडे बघून बोलत होते, हे तिला तेव्हाही कळत होतं. तरी ते वाक्य रुतलं ते रुतलंच. अकरा आठवडे एक जीव वागवला आणि अंगाने त्याची सुताएवढी खूण ठेवली नाही. पुन्हा छत्तीस, पुन्हा तीस. जणू काही झालंच नव्हतं.

म्हणून या वेळी तोंडाला कुलूप होतं. अंग मात्र ऐकेना. छाती जड झाली होती, कूस बदलली तरी ठणकायची. सकाळी सैल असणारी पँट दुपारी काचायला लागायची. तिने काजातून रबर ओवून ते बटणाला अडकवलं होतं आणि वरून लांब सदरा घालायला सुरुवात केली होती. दुसऱ्याचा कपडा नुसता बघून ‘खांद्यात पाव इंच जास्त आहे’ असं सांगणारी बाई आंघोळीनंतर आरशाकडे पाठ करून कपडे घालू लागली. आपलंच अंग, पण भाड्याने घेतलेल्या खोलीसारखं. कधी रिकामं करायला सांगतील याचा नेम नाही.

नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. एका सकाळी त्याने तिला तसं पाठमोरं पाहिलं आणि म्हणाला, ‘‘लिफ्टमध्ये माणूस वाढला ना, की मोटरचा आवाज बदलतो. लोक लगेच तक्रार करतात. जाऊन बघावं तर बिघाड काही नसतो.’’

‘‘आणि मागच्या वेळी?’’ तिने विचारलं.

त्याने पान्हे गोळा केले. मग पान्ह्यांची पिशवी खांद्याला अडकवून, दारातूनच म्हणाला, ‘‘मागच्या वेळीही तुझ्या अंगाचा बिघाड नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलंय.’’

सांगितलं होतं खरं. पण ऐकणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं.

एका सोमवारी एका दवाखान्याच्या नर्सेसच्या कोटाचा नग तयार झाला. फिका निळा, पुढे सहा बटणं, बाजूला दोन खिसे. ती ठोकळ्यावर चढली. तिसरं बटण लावताना मावशीचे हात क्षणभर थांबले. काज आणि बटण यांत बोटभर अंतर होतं. तिने नकळत पोट आत घेतलं.

‘‘पोट ओढू नकोस,’’ मास्तर म्हणाले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ती सूचना खरोखर तिलाच होती.

मास्तर जवळ आले, बघितलं, मागे गेले. फर्मा टेबलावर ठेवून टेप लावली. माप बरोबर निघालं. त्यांनी ती टेप केराच्या टोपलीत टाकली, कपाटातून नवी आणली, पुन्हा मोजलं. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा त्यांनी फर्मा खिडकीशी नेऊन मोजला.

‘‘टेपवर बरोबर आणि हिच्यावर चूक,’’ ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. ‘‘म्हणजे आकडे वाचताना मीच चुकतोय.’’

तिच्या अंगाला टेप लावून बघावी, हे त्यांच्या मनातही आलं नाही. आपल्या हातावर, डोळ्यावर, टेपवर संशय घेऊन झाला. मापावर कोण संशय घेणार? त्यांनी फर्मा छातीत इंचभर वाढवला. ती ठोकळ्यावरून उतरली आणि काही बोलली नाही. गुरुवारपर्यंत त्या वाढवलेल्या फर्म्यावरून बारा कोट शिवून दवाखान्यात गेले.

शुक्रवारी दवाखान्याच्या मेट्रनबाई स्वतः ते बारा कोट घेऊन परत आल्या. ‘‘मास्तर, हे काय?’’ त्यांनी एक कोट उचलून धरला. ‘‘माझ्या मुली यात खुंटीला टांगल्यासारख्या दिसतात. पंधरा वर्षं तुमच्याकडे कपडे टाकतेय, असं कधी झालं नव्हतं.’’

‘‘दुरुस्त करून देतो,’’ मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

‘‘आणि तेवढ्यात माझ्या पोटुशी मुलींचंही काही बघा. कधीही जा, दोन-तीन असतातच. दोन मापं मोठा कोट चढवतात, मग खांदे उतरतात दंडावर आणि बाह्या बुडतात हात धुताना. बारशाआधी त्यांचं ध्यान होतं अगदी.’’

‘‘बघतो,’’ मास्तर म्हणाले; पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं.

मेट्रनबाई गेल्यावर त्यांनी जुन्या मापाचा फर्मा नव्याने कापला. दुपारी तिला पुन्हा ठोकळ्यावर उभं केलं. कोट पुन्हा छातीत अडला. मास्तर बराच वेळ त्या बोटभर फटीकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

‘‘उतर, बाई,’’ ते म्हणाले. त्यांनी तिला ‘मिडियम’ म्हटलं नाही.

त्यांची लोखंडी कात्री चाळीस वर्षांची होती. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. मावशीने एकदा तिने दोरा तोडला, तर त्यांनी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. ती कात्री त्यांनी तेलाच्या फडक्याने पुसली, एका स्वच्छ कापडात गुंडाळली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

‘‘उद्या दहा वाजता मालकीणबाई येतील,’’ ते मावशीला म्हणाले. ‘‘त्यांना सांगतो, दुसरा कापणारा बघा. एकदा चुकलो तर चूक. दोनदा चुकलो म्हणजे हात गेला.’’

‘‘अहो, काहीतरीच काय!’’ मावशी म्हणाली, पण ती मास्तरांकडे बघत नव्हती. तिसऱ्या मशीनकडे बघत होती.

संध्याकाळी नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो भांडी विसळत होता. हातातलं ताट तसंच धरून त्याने ऐकून घेतलं.

‘‘सांगून टाक,’’ तो म्हणाला.

‘‘आणि परत तसंच झालं तर? परत ती मशीनं थांबणार. परत मला ठोकळ्यावर उभं करून म्हणणार, आलीस जागेवर. मला ते झेपणार नाही.’’

‘‘मग नको सांगूस.’’

‘‘तो म्हातारा कात्री ठेवतोय माझ्यापायी.’’

नवऱ्याने ताट पुसून फळीवर ठेवलं. ‘‘मग यातलं मला विचारू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘मी काहीही बोललो तरी उद्या तिथे उभं तुला राहायचंय.’’

शनिवारी ती पाऊण तास आधी पोचली. मास्तर टेबलाशी बसून होते. समोर ती गुंडाळलेली कात्री. मावशी कोपऱ्यात बटणांचे डबे लावत होती. मशीनं अजून झाकलेली होती.

तिने आधी विचार करून वाक्य तयार ठेवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. ‘‘मास्तर, फर्मा बरोबर आहे. मी चुकलेय.’’

मास्तरांनी मान वर केली.

‘‘दहावा आठवडा आहे,’’ ती म्हणाली.

मास्तरांना उमगायला चार क्षण लागले. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून कात्रीकडे गेली, कात्रीवरून परत तिच्याकडे.

कोपऱ्यातून मावशीने डब्याचं झाकण आपटलं. ‘‘चार मुलं झाली मला. सोमवारीच कळलं होतं. म्हटलं, सांगेल आपण होऊन. दहा वाजेपर्यंत थांबणार होते, नाहीतर मग माझंच तोंड सुटणार होतं.’’

‘‘मग सोमवारी का नाही सुटलं?’’ मास्तर चिडून म्हणाले. ‘‘पाच दिवस मी स्वतःला आंधळा समजतोय!’’

‘‘मागच्या वेळी काय बोलावं ते कळलं नाही, म्हणून आठ दिवस गप्प बसले मी हिच्यासमोर. या वेळी निदान हिच्या आधी तरी बोलायचं नाही, असं ठरवलं होतं.’’ मावशी पुन्हा डब्यांकडे वळली.

मास्तरांनी कात्रीचं कापड सोडायला घेतलं, मग अर्धवट सोडून तसंच ठेवलं.

‘‘मी तेव्हा एक वाक्य बोललो होतो,’’ ते म्हणाले. ‘‘त्या जाकिटाच्या वेळी. घरी जाताना रस्त्यात लक्षात आलं, काय बोललो ते. मग तुला काही म्हणायचा धीर झाला नाही. वाटलं, तू विसरली असशील.’’

‘‘नाही विसरले.’’

‘‘नाही. मीही नाही.’’

तिने एका मशीनवरचं आच्छादन उगाच सारखं केलं. ‘‘अजून तीन आठवडे काही खरं नाही, मास्तर. मागच्या वेळेसारखं झालं तर–’’

‘‘झालं तर झालं, असं मी म्हणणार नाही,’’ मास्तर तिला अडवून म्हणाले. ‘‘पण माझा धंदा मापाचा आहे, तेवढं मला कळतं. माप ज्या दिवशी घेतलं त्या दिवसाचं असतं. उद्या माणूस वाळला, भरला, म्हणून आजचं माप खोटं ठरत नाही.’’ त्यांनी टेबलाच्या खणातून कोरा पुठ्ठा काढला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘‘त्या बाई काल काय म्हणाल्या? पोटुशी मुलींचे कोट. अंदाजाने वाढवलेला कपडा कधी बसत नाही. अंग कुठे वाढतं आणि कुठे नाही, हे बघून कापावा लागतो. खांदा तोच राहतो, बाही तीच राहते. मला माप हवंय. देशील?’’

‘‘आणि मधल्या मापाला?’’

‘‘सध्या टेप आहे ना. आकडे मला चांगले वाचता येतात, असं दिसतंय.’’

मावशी नाक पुसत हसली. ‘‘आणि हिला आता हाक काय मारायची? लार्ज?’’

‘‘मावशी!’’ ती म्हणाली. पण तिलाही हसू आलं, आणि हसताना कंबरेचं रबर काचलं.

ती ठोकळ्यावर चढली. लांब सदरा तिने काढला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. आतल्या साध्या बनियनवरून सगळं दिसत होतं. म्हणजे फार काही दिसत नव्हतं, पण या खोलीतल्या तिघांना दिसण्याइतकं होतं. खिडकीतून येणारं ऊन टेबलावर पुठ्ठ्यापर्यंत आलं होतं. मावशीने नऊ वर्षांनंतर तिच्या अंगाभोवती टेप फिरवली. टेप गार होती.

‘‘छाती सव्वासदतीस,’’ मावशी म्हणाली. मास्तरांनी पुठ्ठ्याच्या कडेला लिहिलं, आणि त्याच्यापुढे तारीख घातली.

‘‘दर सोमवारी घ्यायचं,’’ ते म्हणाले. ‘‘जितके सोमवार मिळतील तितके.’’

टेप कंबरेवर आली. बाहेर जिन्यावर बायकांची पावलं वाजायला लागली होती. अजून थोड्याच वेळात दार उघडणार, आणि तिला तशी उभी बघून सगळ्या विचारणार. ती सदऱ्याकडे वळली नाही.

‘‘हात सैल,’’ मास्तर चार पावलांवरून म्हणाले. ‘‘श्वास सोड.’’

पुढचं वाक्य त्यांना म्हणावं लागलं नाही. ते तोंड उघडायच्या आतच तिने पोट सैल सोडलं होतं, आणि मावशी टेपवरचा आकडा वाचत होती.