अर्ध्या दिव्याची किरकिर

मी एक जुना वॉकीटॉकी आहे आणि मित्रांनो, गोड बोलायचं माझं वय सरलं. माणसांवर माझा राग आहे. तो मी लपवणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. मी कसं वागायचं ते माझ्या पोटातला प्रोग्राम ठरवतो. पडद्याचा दिवा मंद करायचा असला की तो दिव्याची भराभर उघडझाप करतो. डोळ्यांना नुसता उजेड कमी झालेला दिसतो, पण ती उघडझाप आवाजात शिरते आणि कानाशी किरकिर लागते. दिवा पूर्ण लावा नाहीतर बंद ठेवा, मग आवाज स्वच्छ. हा प्रोग्राम लिहिणाऱ्या शहाण्याने मला पूर्ण उजेडातच तपासलं, स्वतःची पाठ थोपटली आणि मला खोक्यात घातलं.

२००३ साली मी जोडीदारासह राहू गावाला आलो. नदीचं पाणी उपसून शेतांना देणाऱ्या संस्थेने आम्हाला घेतलं. मी काठावरच्या पंपघरात, चेअरमन हौसराव आप्पांच्या हाती. जोडीदार वर माळावरच्या हौदापाशी, शेतांना पाळीने पाणी सोडणाऱ्या पाटकरी मल्हारीकडे. मला हार घातला, नारळ फोडला. कौतुक आठवडाभर टिकलं.

हौसरावांची सवय कंदिलाची. वात खाली केली की रॉकेल वाचतं, तसा त्यांनी माझा दिवा अर्ध्यावर आणला आणि तिथेच ठेवला. बॅटरी वाचली, पण किरकिर लागली. दोष मात्र मल्हारीच्या माथी. मेंढरांमागं हिंडणाऱ्यांना बोलायचं वळण कुठलं, असं ते चारचौघांत म्हणत. मेंढरं मल्हारीच्या आजोबांनीच विकली होती, पण हौसरावांच्या तोंडून ती काही गेली नाहीत.

एका सकाळी वीज गेलेली होती. ती संधी साधून मल्हारीची बायको तानुबाई हौदात उतरून गाळ काढत होती. मल्हारीने वरून सांगितलं, "आप्पा, तानू हौदात हाय. लाईट आली तरी मोटार लावू नका."

मी ते बोलायला लागलो आणि सोबत किरकिर आली. हौसराव आधीच वैतागलेले, कारण पाण्याची पाळी त्यांच्याच उसाची होती. त्यांनी शिवी हासडली आणि कळ फिरवून माझा आवाज पार बंद केला. मल्हारीचं वाक्य माझ्या पोटातच राहिलं. थोड्या वेळाने वीज आली, त्यांनी मोटार लावली. पाइपातून आलेल्या लोंढ्याने तानुबाईला भिंतीवर आपटलं. तिचा उजवा हात कोपरात मोडला तो कायमचा.

मग बैठक बसली. आपण बजावलं होतं, असं मल्हारी सांगत राहिला. तानुबाईने साक्ष दिली, तर बायको नवऱ्याचीच बाजू घेणार म्हणून तिला गप्प केलं. हौसरावांनी मला टेबलावर ठेवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून दिवा पूर्ण लावला आणि पुतण्या दत्ताला बाहेरून बोलायला सांगितलं. दत्ताचा शब्द न् शब्द स्वच्छ आला.

हौसराव म्हणाले, "मशीन खणखणीत हाय. मानसानं तोंडच उघडलं न्हाई, तर मशीन काय करंल?"

माना डोलल्या. आवाजाची कळ त्या सकाळी कुठे होती, हे कुणीही विचारलं नाही. मला ओरडून सांगायचं होतं, पण दुसऱ्याने बोलल्याशिवाय मला बोलता येत नाही. मल्हारीला काढलं आणि त्याच्या जागी दत्ता आला.

महिन्याभराने पुन्हा वीज गेली आणि दत्ता हौदात उतरतो म्हणाला. माझा दिवा पुन्हा अर्ध्यावरच होता, किरकिर तीच. हौसरावांचा हात सवयीने कळीकडे गेला आणि थबकला. त्यांनी मला कानाशी घट्ट धरलं. कपाळाला आठ्या पडल्या, पण कळ फिरवली नाही. वीज आली तरी मोटारीला हात लावला नाही. दत्ता बाहेर आल्याचं बोलला, तेव्हा कुठे त्यांनी मोटार लावली.

तेव्हा मला कळलं, त्या सकाळी मल्हारी बोलत असताना कळ आपणच फिरवली, हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून.

आता मोबाइल आलेत. मी फळीवर धूळ खात पडलो आहे आणि मला कुणाची दयामाया नको. मित्रांनो, यंत्राला जपायचं तर ते जसं वापरता तसंच तपासा. आणि पलीकडे माणूस बोलत असताना किरकिर सोसा, कळ फिरवू नका. फिरवलीच, तर तसं चारचौघांत सांगा. तानुबाई अजून डाव्या हाताने भाकरी थापते.