नुसती रिंग जाते

कोल्हारमध्ये कुणाला मिक्सर घ्यायचा असो की मनगटी घड्याळ, दुकानात जाण्याआधी नृसिंहरावांच्या, म्हणजे गल्लीच्या नानांच्या, ओट्यावर जावं लागे. असा काही सरकारी नियम नव्हता. पण न विचारता वस्तू आणली आणि ती बिघडली, तर नृसिंहराव भेटेल त्याला महिनाभर सांगत सुटत. त्यापेक्षा आधी विचारलेलं बरं, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. साखर कारखान्यात हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला माणूस, मशिनाशी संबंध आला तो टाइपरायटरपुरता. पण मतं अशी ठाम, की कंपनीच्या इंजिनिअरनं मान खाली घालून ऐकावीत. स्टॅबिलायझरशिवाय फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. टीव्हीचा रिमोट म्हणजे आळशी माणसाचं औषध. पुढे तेच म्हणायला लागले, की उठून बटण दाबणारा माणूस अडाणी. मधल्या काळात फक्त त्यांच्या घरी रिमोटवाला टीव्ही आला होता.

शहाण्णवच्या दिवाळीत मुंबईच्या मेहुण्यानं त्यांना कॉर्डलेस फोन आणून दिला आणि नृसिंहरावांना आकाश ठेंगणं झालं. टेलिफोन खात्याचा जाडजूड फोन त्यांनी त्याच दिवशी माळ्यावर टाकला. ते सरकारी डबडं दाराला टेकण म्हणून लावायच्या लायकीचं आहे, असा निकालही दिला. नव्या फोनची पेटी लाईटच्या प्लगला लावायची आणि वरचा रिसीव्हर घेऊन कुठंही हिंडायचं. ते परसात गेले, ओट्यावर गेले, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. रिसीव्हर न्हाणीत न्यायला निघाले तेव्हा मात्र त्यांच्या बायकोनं, सरोजिनीबाईंनी, हातातून काढून घेतला.

फोन त्यांचा असला तरी नंबर अर्ध्या गल्लीचा होता. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, पुण्यामुंबईच्या नातेवाइकांकडे लोक हाच नंबर देत आणि शेजाऱ्याचा फोन म्हणून पुढे पी.पी. लिहीत. कुणाचा फोन आला की सरोजिनीबाई ओट्यावर येऊन हाक मारत. समोरच्या अंगाला रंभाजींचं घर होतं. रंभाजी कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. दोघांनी उभी नोकरी एकाच बसनं जाऊन-येऊन केली. बाबासाहेबांच्या जयंतीला रंभाजींकडून खिरीची वाटी यायची आणि संक्रांतीला इकडून तिळगूळ जायचा. सलगी म्हणावी तर सुमनबाई, म्हणजे रंभाजींची बायको, ओट्याच्या आत सहसा येत नसत. तुटक म्हणावं तर तसंही काही नव्हतं.

नवा फोन आल्यापासून एक कटकट मात्र सुरू झाली. लाईन सारखी जायला लागली. गावात वीज गेली की फोनही मेलाच. नृसिंहरावांनी निदान केलं, की एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या सडल्या आहेत आणि खात्यातले लोक झोपा काढताहेत. हे त्यांनी चावडीपासून बसस्टँडपर्यंत सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना पटलंही. सरकारी खात्याबद्दल वाईट बोललेलं कुणाला पटत नाही?

थंडीच्या सुरुवातीला रंभाजींच्या पोटाच्या दुखण्यानं उचल खाल्ली. त्यांना नगरला दवाखान्यात नेलं. मुलगा भीमराज त्यांच्याजवळ राहिला. आतड्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेलच असं नाही, पण लागलं तर वेळ घालवून चालणार नाही. रंभाजींचा रक्तगट सहजासहजी मिळणारा नव्हता. तो जुळला सुमनबाईंच्या पुतण्याशी, सचिनशी. दवाखान्यातून सांगावा आला की सचिननं मिळेल त्या गाडीनं नगर गाठायचं, असं ठरलं. सांगावा येणार तो अर्थातच नृसिंहरावांच्या फोनवर.

ऑपरेशनच्या दिवशी सुमनबाई सकाळीच आल्या. ओट्यावर थांबल्या नाहीत. चप्पल काढून थेट मधल्या खोलीत आल्या आणि फोनच्या टेबलाखाली भिंतीला टेकून बसल्या. सरोजिनीबाईंनी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. नृसिंहराव म्हणाले, की इथं कशाला अवघडून बसता, घरी जा, फोन आला की आम्ही हाक मारतोच.

"असू द्या नाना," सुमनबाई खाली बघत म्हणाल्या. "बसते हितंच."

नृसिंहरावांना ते जरा लागलं. पण बाईचा जीव टांगणीला लागलाय, घरी बसवत नसेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

आणि नेमकी वीज गेली. पंखा थांबला, रेडिओ बंद पडला. नृसिंहरावांनी लगबगीनं जाऊन फोन उचलला. रिसीव्हरवरचा हिरवा दिवा लागला, कानात मात्र नुसती फुस्स अशी हवा. त्यांनी चारदा बटण दाबलं, रिसीव्हर हलवला, फुंकर मारली. मग एक्स्चेंजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आजचा दिवस तरी या नालायकांनी लाईन राखायला नको होती का? त्या बोलण्याकडे सुमनबाईंचं लक्ष नव्हतं. त्या फोनकडे बघत होत्या. वेळ जात होता तसे नृसिंहराव पुन्हा पुन्हा घड्याळ बघायला लागले. तिकडे रक्त लागलं असेल तर? भीमराज नंबर फिरवत असेल आणि इकडे लाईनच नसेल तर? एका म्हाताऱ्याचा जीव आपल्या टेबलावरच्या वस्तूवर लटकलाय, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांना बसवेना. स्टँडवरच्या बूथवरून खात्याला झापतो, असं सांगून ते निघाले.

बूथ काकासाहेबांचा. वीज नसली तरी त्यांनी बिलाच्या मशिनाला ट्रॅक्टरची बॅटरी जोडली होती. आत एक जण फोनवर सासऱ्याशी भांडत होता. तो भांडतोय म्हणजे लाईन चालू आहे, एवढं कळायला नृसिंहरावांना एक क्षण लागला. स्टँडला लाईन आहे आणि आपल्याकडेच नाही, हे कसं? तो माणूस बाहेर आल्यावर ते आत शिरले. खात्याला फोन करायच्या आधी त्यांनी स्वतःचाच नंबर फिरवला.

रिंग गेली.

चांगली खणखणीत रिंग. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा जातच राहिली. तिकडे फोनच्या हातभर अंतरावर सुमनबाई बसल्या होत्या आणि शेजारी सरोजिनीबाई. वाजला असता तर दोघींनी झडपच घातली असती. कुणी उचलला नाही. नृसिंहराव रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले आणि हळूहळू त्यांना उलगडा झाला. ती पेटी लाईटच्या प्लगला लावलेली. लाईट नाही तर पेटी मेलेली, आणि पेटी मेली तर रिसीव्हर वाजणार कशानं? लाईन कधी गेलीच नव्हती. इतके दिवस लोक फोन करत होते, त्यांच्या कानात रिंग जात होती आणि इथं घरात सगळं चिडीचूप.

"उचलत न्हाईत का?" काकासाहेबांनी काचेतून विचारलं. मग जरा चाचरत म्हणाले, "लोकं म्हंत्यात तसं. नानांकडं नुसती रिंग जाते."

कोण म्हणतं, असं नृसिंहरावांनी विचारलं. काकासाहेबांनी आधी टाळलं, मग सांगितलं. रंभाजींचा भीमराज परवा कपडे न्यायला आला होता. निरोपासाठी बूथचा नंबर मागत होता. इथं दिवसभर गिऱ्हाइकं लाईन धरून असतात, तुझा फोन लागायचा नाही, असं काकासाहेबांनी त्याला सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, की नानांकडे रिंग जाते, पण आपल्यासाठी कोण उठून हाक मारणार.

 कधी न धावणारे नृसिंहराव धोतर सावरत भर रस्त्यानं पळत सुटले. घरी आले ते तसेच शिडी लावून माळ्यावर चढले. सरोजिनीबाई काय झालं विचारत राहिल्या. खाली आले तेव्हा हात धुळीनं माखलेले. मेहुण्याच्या फोनची पिन त्यांनी भिंतीतून उपटली, जुन्या फोनची खुपसली आणि कानाला लावला. आत खर्जातला आवाज घुमत होता. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि मनात म्हणाले, आता तरी वाज रे बाबा.

पाणी पिऊन होतंय तोवर फोन खणखणला. भीमराजच होता. रक्त लागतंय, सचिनला लगेच धाडा, असं त्यानं सांगितलं.

"उचललात व्हय नाना," तो पुढे म्हणाला.

"अरे, लाईन बंद होती," नृसिंहराव बोलून गेले.

"रिंग जात हुती." एवढंच बोलून भीमराजनं फोन ठेवला.

सचिन समोर रंभाजींच्या घरी कपडे घालूनच बसला होता. नृसिंहरावांनी त्याला रस्त्यावर नेऊन मनमाडहून नगरला जाणाऱ्या टेम्पोत स्वतः बसवून दिलं. परत आल्यावर खोलीत तिघंच उरली. आता बसून राहण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं. सचिन वेळेवर पोचला नाही तर? सकाळीच फोन वाजला असता तर एव्हाना तो दवाखान्यात असता. नृसिंहरावांच्या डोळ्यांपुढे एकसारखे रंभाजी येत होते. बसमध्ये खिडकीची जागा नेहमी त्यांना देणारे. त्यांचं काही बरंवाईट झालं तर ते या पेटीपायी. म्हणजे आपल्यापायी.

गप्प राहायला वाव होता. लाईन आली म्हटलं असतं तरी गाव मानणारच होतं. पण समोर बसलेल्या बाईकडे बघवेना.

"सुमनबाई," ते म्हणाले, "लाईन बंद नव्हती. माझा हा नवा फोन वीज गेली की वाजत नाही. मला ते समजलंच नाही, आणि मी खात्याला शिव्या देत बसलो. भीमराज मघाशी फोनवर म्हणाला ते खरं आहे. रिंग जात होती."

सुमनबाईंना ते समजायला वेळ लागला.

"म्हंजी वाजतच नव्हता?"

"नाही."

 सुमनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "नाना, मी सकाळपासनं हितं का बसले, ठावं हाय का तुमाला? भीमराज म्हनला, आये, तू म्होरं जाऊन बस. तू म्होरं असलीस की उचलत्याल. तुमी उचलावं म्हनून मी बसले हुते."

सरोजिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. नृसिंहराव खुर्चीत बसल्या बसल्या मेल्याहून मेल्यासारखे झाले. सकाळी चहा का घेतला नाही, हेही त्यांना आता कळलं. इतक्या वर्षांच्या शेजाराला एवढंच वाटावं, आणि तसं वाटण्याजोगं आपल्या घरात काहीतरी असल्याशिवाय का कुणाला वाटतं? 

दुपार कलली. वीज अजून आलेली नव्हती. सुमनबाई मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होत्या, ओठ हलताना दिसत होते. बाहेर मोटार वाजली तरी तिघंही दचकत. अखेर फोन वाजला, तसा नृसिंहरावांचा हात सवयीनं पुढे गेला आणि मधेच थांबला. पलीकडे काय ऐकायला मिळेल, याची त्यांना भीती वाटत होती.

"तुम्हीच उचला," ते म्हणाले.

सुमनबाईंनी दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाशी धरला. भीमराज काहीतरी बोलायला लागला होता, त्याचा बारीक आवाज खोलीत ऐकू येत होता. पण त्यांनी त्याला बोलू दिलं नाही.

"आरं, आदी माजं ऐक," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "नाना उचलत न्हाईत असं नव्हतं रं. त्यांचा फोनच वाजत नव्हता. आपनच लई वंगाळ बोललो." मग त्यांनी रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट दाबला. "आता सांग. तुजा बाप कसा हाय?"

त्या ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता डोळे भरून आले. त्यांनी सरोजिनीबाईंकडे बघून मान हलवली आणि हातानं खूण केली, की बरे आहेत, शुद्धीवर आलेत. नृसिंहरावांनी ते पाहिलं. आपलं रडू कुणाला दिसू नये म्हणून ते उठून ओट्यावर जाऊन उभे राहिले.