‘लोडशेडिंग’चा दुसरा अल्बम

रेकॉर्डिंगला शुक्रवार ठरला तेव्हाच मला काळजी लागली. शुक्रवारी आमच्या गल्लीतले कापड विणायचे लूम बंद असतात, म्हणून आमच्या बँडमधल्या देवेशने तोच वार धरला. माझा त्या दिवशी उपास असतो, पण उपासाचं काही नव्हतं. काळजी ह्यांच्या कानांची होती.

धामणकर नाक्यामागे आमचा लूमचा कारखाना. बावीस वर्षं त्या खडखडाटात काढून ह्यांचे, दौलतचे, कान जवळजवळ गेलेत. चालू लूमजवळ कुणालाच काही ऐकू येत नाही, तिथे सगळे ओठ बघून बोलणं ओळखतात. ह्यांनाही ती सवय, त्यामुळे बाहेर कुणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन कपाटात पडून आहे. “कुणाला सांगायचं न्हाय,” असं चार वर्षांपूर्वी म्हणाले, आणि मी देवासमोर उभी राहून हो म्हटलं.

कॉलेजात आमचा बँड होता, ‘लोडशेडिंग’. वीज गेली की लूम थांबायचे आणि तेवढ्या शांततेत आमची प्रॅक्टिस व्हायची, स्पीकर टेम्पोच्या बॅटरीवर. देवेश गिटार, अनंता बेस, हे ड्रम आणि मी गायला. एक सीडी निघाली. मग देवेश मुंबईला गेला, अनंता पूर्णा गावातल्या गोदामात ड्युटीला लागला, माझं ह्यांच्याशी लग्न झालं आणि गाणं आरतीपुरतं उरलं. यंदा कुणीतरी जुनं एक गाणं मोबाइलवर टाकलं. लोकांनी ते उचललं, आणि देवेशला एका कंपनीचा फोन आला की नवा अल्बम करता का.

तो निरोप ह्यांनी फोनवर वाचला आणि उभ्या उभ्या डब्यावर ठेका धरला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. बोलले नाही. दोन महिने हे रोज कारखान्यात, लूम चालू असताना, कोपऱ्यात ड्रम वाजवत होते. मी दारातून बघायचे, ठेका कुठे हलायचा नाही. वाटलं, निभेल.

शुक्रवारी सकाळी पोथी वाचताना एकच ओवी मी तीनदा वाचली.

दहाला देवेश सामान घेऊन आला. “काय माताजी, आज पण उपास?”

“शुक्रवार आहे ना.”

“उपाशीपोटी वरचा सूर लागेल का?”

“वहिनीचा लागेल,” अनंता म्हणाला. “तू डोक्यावरच्या केसांचं बघ. फोटोत टोपी घाल बाबा.”

कापडाचे तागे रचलेल्या खोलीत माइक लावले, तिथे आवाज घुमत नाही. देवेशने सगळ्यांना हेडफोन दिले. “कानात तालाची टिकटिक येईल. ती सोडायची नाही. सुटली तर पुढचं काहीच जोडता येणार नाही.”

ह्यांनी मान डोलावली.

पहिल्यांदा चौथ्या ओळीला ठेका पुढे पळाला. दुसऱ्यांदा मागे राहिला. “दौलत, टिकटिक येतेय ना?” देवेश वायरीकडे वाकून बोलला, त्यामुळे ह्यांना त्याचं तोंड दिसलं नाही. हे काठ्या जुळवत राहिले.

“ए, तुला विचारतोय तो,” अनंताने हाताने खुणावलं.

“हाय ना, हाय. सुरू कर.”

तिसऱ्यांदा तर पार विस्कटलं. तेव्हा माझं लक्ष ह्यांच्या अनवाणी पायांकडे गेलं. रोज फरशीतून लूमची थरथर त्यांच्या तळव्यांना मिळायची, त्यावर ते ताल धरायचे. आज फरशी मेल्यासारखी. शांतता हवी म्हणून आम्हीच त्यांचा ताल काढून घेतला होता.

देवेशने मला दारापाशी नेलं. “मृणाली, खरं सांग. पितो का तो?”

“छे रे! काहीतरीच काय?”

“मग हे काय आहे? कंपनीला आज पहिलं गाणं पाठवायचंय. ठाण्याच्या एका ड्रमरला बोलावतो मी. दौलत कोरसला उभा राहील.” त्याने फोन काढला.

मी वळून पाहिलं. हे खोलीच्या त्या टोकाला होते आणि देवेशच्या ओठांकडे बघत होते. हातातल्या काठ्या त्यांनी सावकाश खाली ठेवल्या.

मी त्यांच्याकडे तोंड केलं. पाठीमागे बोलले असं त्यांना वाटू नये म्हणून एकेक शब्द सुटा म्हटला. “त्यांना ऐकू येत नाही. चार वर्षं झाली.”

“देवासमोर हो म्हटलेलंस तू,” हे म्हणाले.

“म्हटलं होतं.”

ते दाराकडे निघाले. देवेश आडवा आला. “दौलत! अरे, सांगायचंस ना!”

“ओरडू नको. तोंड दिसतंय तुझं.”

अनंता एकदम हसला आणि मग त्यालाच लाज वाटली. देवेशने फोन खिशात टाकला. “हिला तर ऐकू येतंय. मृणाली, त्याच्या मागे उभी राहा. टिकटिक तू ऐक आणि हाताने त्याच्या पाठीवर दे. गात गात जमेल?”

जमेल असं मला वाटत नव्हतं. ह्यांनी दारातून खाली ठेवलेल्या काठ्यांकडे पाहिलं. मग परत येऊन बसले, माझ्याकडे न बघता.

मी तळवा त्यांच्या पाठीवर टेकवला. पाठ ताठ होती. कानात टिकटिक, तळव्यात टिकटिक, ओठांवर गाणं. मनात देवाचं नाव घ्यायलाही जागा नव्हती. दुसऱ्या अंतऱ्याला वरचा सूर आला आणि माझा हात थांबला. मी चुकले, पण ठेका चुकला नाही. तो सरळ पुढे गेला, मीच धावत जाऊन त्याला गाठलं.

गाणं संपलं. देवेश कॉम्प्युटरकडे बघत राहिला. हे मात्र माझ्याकडे वळले.

“दुसऱ्या अंतऱ्याला हात सोडलास.”

“हो.”

“सूर लागला का?”

“थोडा कमी लागला.”

“देवेश, परत घे,” हे म्हणाले. “या वेळी चूक हिची हाय.”