जिवंत पाण्याचं यंत्र

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर काचेच्या टाकीतलं पाणी पंपाने नळीत चढत होतं आणि एका निळ्या यंत्रातून पुन्हा टाकीत पडत होतं. यंत्राच्या पडद्यावर मात्र शून्य.

"पाणी वाहतंय ना?" टाकीशेजारी उभ्या भगव्या वेशातल्या महाराजांनी समोरच्या गर्दीला विचारलं.

"वाहतंय!" गर्दी ओरडली.

"मग यंत्र गप्प का? कारण हे पाणी मेलेलं आहे! यंत्राला फक्त प्राण कळतो!"

डोळे मिटून काहीबाही पुटपुटत त्यांनी टाकीत मूठभर भस्म सोडलं. आकडे भराभर चढले. टाळ्यांनी छत दणाणलं. मग ते 'जिवंत पाणी' बाटल्यांत भरून लोकांना पिण्यासाठी वाटलं गेलं.

दुसऱ्या रांगेतल्या इंजिनिअर बाईला हसूच फुटलं. दूध डेअरीत ती हीच यंत्रं तपासायची. सांगायला ती शेजारी बसलेल्या आईकडे वळली आणि थबकली. वडील गेल्यापासून आईच्या चेहऱ्यावर असं तेज तिने पाहिलंच नव्हतं. पाणीच तर आहे, पिऊ दे, असं मनाशी म्हणत ती गप्प बसली.

आई रोज तांब्याभर 'जिवंत पाणी' पिऊ लागली. महाराजांच्या सांगण्यावरून तिने लेकीच्या नकळत रक्तदाबाच्या गोळ्याही सोडल्या. एका सकाळी ती ओट्याजवळ कोसळली. उजवी बाजू लुळी पडली.

दवाखान्यात लेकीने त्या पाण्याची बाटली दाखवली. डॉक्टरांनी तिच्यातला थेंब जिभेवर ठेवला. "खारट आहे हे! गोळ्या बंद आणि वर मिठाचं पाणी? घरात कुणाचं लक्ष नव्हतं का?"

लेकीने ती बाटली पिशवीत टाकली.

पुढच्या सभेत पडद्यावर शून्य असतानाच ती व्यासपीठावर चढली आणि टाकीत घरचं मीठ टाकलं. आकडे धावले.

"पाहिलंत? माझीच शक्ती हिच्या हातून वाहिली!" महाराज ओरडले.

"शक्ती मिठाची आहे," ती म्हणाली. "हे प्रवाह मोजायचं मीटर आहे. आत चुंबक असतं. वीज वाहून नेणारं पाणी त्यातून गेलं की किंचित वीज तयार होते. पाणी जितकं जोरात, तितकी ती जास्त. टाकीत डिस्टिल्ड वॉटर होतं, त्यातून वीज जवळजवळ जातच नाही, म्हणून शून्य. भस्मात मीठ मिसळलेलं असतं. साधं नळाचं पाणी सोडा, तरी आकडे येतील!"

महाराज मागच्या दाराकडे सरकले.

"ताई, तुम्हाला कधी कळलं हे?" कुणीतरी विचारलं.

"पहिल्याच दिवशी." ती म्हणाली. "गप्प राहिले. चमत्कार दिसला की विचारा, हे कशाने झालं? आणि कळलं तर त्याच वेळी बोला. आणि यांच्या सांगण्यावरून ज्यांनी गोळ्या सोडल्यात, त्यांनी आता आधी घरी जाऊन त्या सुरू करा."

संध्याकाळी दवाखान्यात तिने आईला सगळं सांगितलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही गं."

 आई अडखळत म्हणाली, "वाटलं असतं वाईट. वाटू द्यायचं होतंस."